पंप चालू असताना गोठणारे रक्त

हृदयात पंप बसवलेला रुग्ण घरी जायला निघाला की त्याला आणि घरच्यांना एक साधी सूचना मिळते: लघवीचा रंग गडद तपकिरी दिसला तर थांबू नका, लगेच फोन करा. छातीत दुखत नसेल, धाप लागत नसेल, कंबरेच्या यंत्राने एकही अलार्म दिलेला नसेल, तरीही. कारण तो रंग अनेकदा पंपातून आलेला असतो. पंपाच्या आत कुठेतरी रक्ताची वाट अरुंद झाली, तिथून जाताना तांबड्या पेशी फुटू लागल्या, त्यांच्यातले हिमोग्लोबिन रक्तद्रवात सांडले आणि मूत्रपिंडांनी ते बाहेर टाकले, असा त्याचा अर्थ. वाट अरुंद होण्याचे सर्वांत धास्तीचे कारण म्हणजे पंपात धरलेली गुठळी.

या पंपाला डॉक्टरांच्या भाषेत एलव्हीएडी म्हणतात. हृदय काढून त्या जागी बसवायचे हे यंत्र नव्हे. थकलेले हृदय जागेवरच राहते आणि पंप त्याच्या कामातला मोठा वाटा उचलतो. हृदयाचा खालचा डावा कप्पा, म्हणजे डावी जवनिका, साऱ्या शरीराला रक्त ढकलते. हृदय निकामी होताना बहुधा तीच दमलेली असते. तिच्या टोकाला भोक पाडून पंपाचे तोंड आत बसवतात, दुसऱ्या बाजूची कापडी नळी महाधमनीला शिवतात. पंपाची वायर पोटाच्या कातडीतून बाहेर येते आणि कंबरेच्या कंट्रोलरला जोडली जाते, कंट्रोलर दोन बॅटऱ्यांना. आजचे पंप हृदयासारखे आकुंचन-प्रसरण पावत नाहीत, सतत फिरतात. त्यामुळे पुष्कळ रुग्णांच्या मनगटाला नाडीच लागत नाही आणि रक्तदाब मोजायला डॉप्लर लागतो. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांना जुलै 2010 मध्ये असा पंप बसवला होता. मार्च 2012 मध्ये हृदय प्रत्यारोपण होईपर्यंत ते त्याच्यावर जगले.

हे सगळे अद्भुत वाटते आणि आहेही. पण या यंत्राचा खरा प्रतिवादी हृदय नाही, रक्त आहे. हृदयाचे काम धातूच्या चक्राकडून करून घेणे अभियंत्यांना तुलनेने लवकर साधले. रक्ताला ते चक्र मान्य करायला लावण्यात पुढची काही दशके गेली.

रक्त कधी गोठते याची कारणे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्कोव्ह यांच्या नावाने तीन गटांत सांगितली जातात: प्रवाह मंदावणे किंवा बिघडणे, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे, आणि रक्ताचीच गोठण्याकडे ओढ वाढणे. पंप बसवलेल्या माणसात तिन्ही एकदम हजर असतात. पंपाच्या कोपऱ्याकापऱ्यांत रक्त घुटमळते. अस्तराच्या जागी टायटॅनियम असते. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग आणि मूळचा आजार यांमुळे रक्त आधीच चिडलेले असते. निरोगी रक्तवाहिनीचे अस्तर क्षणोक्षणी गुठळीविरोधी द्रव्ये तयार करत असते. धातू यातले काहीच करत नाही. रक्ताचा धातूला स्पर्श होताच काही सेकंदांत त्यावर प्रथिनांचा थर चढतो, त्याला प्लेटलेट्स चिकटतात आणि त्याच पृष्ठभागावर बारावा घटक नावाचे प्रथिन जागे होऊन गोठण्याची साखळी सुरू करून देते.

या बाराव्या घटकाची गोष्ट थोडी वाट वाकडी करूनही सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या एका रेल्वे कर्मचाऱ्याचे रक्त काचेच्या नळीत वेळेवर गोठत नाही, असे 1950 च्या दशकात क्लीव्हलँडच्या डॉक्टरांना आढळले. आश्चर्य म्हणजे त्याला रक्तस्रावाचा कसलाच त्रास नव्हता. त्याच्या रक्तात हा एक घटक नव्हता आणि घटकाची ओळख पटली ती त्याच्यामुळेच. पुढे 1968 मध्ये तो वारला तो फुप्फुसात जाऊन अडकलेल्या रक्ताच्या गुठळीने. म्हणजे जखम बुजवायला या घटकाची फारशी गरज नसते, आणि तो नसला म्हणून गुठळीपासून सुटकाही नसते. पण काच, प्लास्टिक, धातू अशा परक्या पृष्ठभागांना रक्त ओळखते ते प्रामुख्याने याच्यामार्फत. रक्ताच्या उत्क्रांतीत टायटॅनियमशी गाठ पडण्याचा प्रसंग कधी आलाच नव्हता. जे परके ते जखमेसारखेच समजायचे, एवढेच त्याला ठाऊक.

सुरुवातीच्या यंत्रांना याची किंमत फार लवकर मोजावी लागली. 1984 च्या नोव्हेंबरमध्ये लुईव्हिल शहरात विल्यम श्रोडर यांना जार्विक-7 हे पूर्ण कृत्रिम हृदय बसवले. काही आठवड्यांतच त्यांना पक्षाघाताचा झटका आला, पुढे आणखी आले. ते 620 दिवस जगले, त्या काळाच्या मानाने पुष्कळच. पण यंत्रातून सुटून मेंदूत जाणाऱ्या गुठळ्यांचे भय त्यानंतर लोकांच्या मनातून गेले नाही.

त्यानंतर आलेल्या हार्टमेट एक्सव्हीई या पंपाने गुठळीवर एक उलटाच उपाय शोधला होता. सगळे जण यंत्राचा आतला पृष्ठभाग होता होईल तेवढा गुळगुळीत करू पाहत असताना याच्या निर्मात्यांनी तो मुद्दाम खरखरीत ठेवला. टायटॅनियमचे बारीक मणी तापवून एकमेकांना चिकटवले, पडद्याचा पॉलियुरेथेनही तंतुमय ठेवला. या खडबडीत पृष्ठभागावर रक्त गोठायचेच, पण पातळ थरात आणि घट्ट चिकटून. हळूहळू त्यावर शरीराचे स्वतःचेच एक अस्तर तयार व्हायचे आणि पुढे रक्ताची गाठ पडायची ती त्या अस्तराशी. गुठळी टाळण्याऐवजी तिला एकदाच होऊ देऊन जागेवर बांधून टाकायचे. मला ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत चलाख कल्पना वाटते. या पंपाच्या अनेक रुग्णांना रक्त पातळ करायला नुसती ॲस्पिरिन पुरायची.

2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिमॅच चाचणीत याच घडणीच्या पंपाची 129 रुग्णांवर परीक्षा झाली. हे रुग्ण प्रत्यारोपणाला अपात्र ठरलेले होते. नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी वर्षभरानंतर 25 टक्के जिवंत होते, पंप बसवलेल्यांपैकी 52 टक्के. दोन वर्षांनंतरचे आकडे मात्र 8 आणि 23 टक्क्यांवर आले. गुठळीपासून बऱ्यापैकी वाचवणारे हे यंत्र स्वतःच झिजून बंद पडत होते. सव्वा किलोच्या आसपासचे वजन, आत हलणारे पडदे, झडपा, बेअरिंग. वर्ष-दीड वर्षात काही ना काही तुटायचेच.

यंत्र टिकवायचे तर हलणारे भाग कमी करायला हवेत, हा धडा सगळ्यांनी घेतला. सतत फिरणाऱ्या चक्राची कल्पना तोवर रुळत आली होती. रिचर्ड वॉम्प्लर या अमेरिकी डॉक्टरने 1970 च्या दशकात इजिप्तच्या एका खेड्यात पाणी वर चढवणारा आर्किमिडीजचा स्क्रू पाहिला आणि रक्त असेच का चढवू नये, असे त्याच्या मनात आले. मिनिटाला हजारो फेरे घेणारे चक्र रक्तपेशींचा चुरा करील, असे तेव्हा जवळपास सगळेच म्हणत होते. त्याच्या हिमोपंपचा 1988 मध्ये माणसावर वापर झाला. पेशींचा काही भाग फुटतो, पण शरीर ते निभावते, हे दिसले. यातूनच पुढच्या पिढीला धीर आला. हार्टमेट 2 हा या पिढीचा म्होरक्या. वजन तीनशे ग्रॅमपेक्षा कमी, हलणारा भाग एकच, मिनिटाला साधारण नऊ-दहा हजार फेरे घेणारे चक्र. त्याची दोन्ही टोके माणकाच्या बेअरिंगवर टेकलेली, आणि त्या बेअरिंगला वंगण कशाचे, तर वाहत्या रक्ताचेच.

2009 ची चाचणी निःसंदिग्ध होती. दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण नव्या पंपाने 58 टक्के, जुन्याने 24 टक्के. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यांसाठी आणि 2010 मध्ये कायमच्या वापरासाठी त्याला परवानगी दिली. वापर झपाट्याने वाढला. आणि या यशाच्या भरात सगळ्यांचे लक्ष गुठळीकडून दुसरीकडेच गेले.

ते गेले रक्तस्रावाकडे. या पंपाच्या रुग्णांच्या आतड्यांतून वारंवार रक्त जाऊ लागले होते. त्यांना वॉर्फरिन आणि ॲस्पिरिन दोन्ही चालू असायच्या, पण तेवढ्याने हिशेब लागत नव्हता. खरे कारण पंपाच्या आत होते. व्हॉन विलेब्रांड घटक नावाचे एक लांबलचक साखळीसारखे प्रथिन रक्तात गुंडाळी होऊन फिरत असते. जखमेच्या जागी प्रवाहाच्या ताणाने ते उलगडते आणि प्लेटलेट्सना पकडून ठेवते. वेगाने फिरणाऱ्या चक्राजवळ ताण इतका असतो की हे प्रथिन तिथेच, जखम नसताना, उलगडते. आणि उलगडलेले प्रथिन कापणारे विकर रक्तात तयारच असते. लांब साखळ्यांचे तुकडे होतात. छोटे तुकडे प्लेटलेट्सना नीट धरत नाहीत. हार्टमेट 2 बसवलेल्या जवळपास प्रत्येकात हा दोष निर्माण होतो. नाडीविना वाहणाऱ्या रक्तामुळे आतड्यांत नाजूक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्याही वाढतात. दोन्ही एकत्र आले की आतडे गळू लागते. महाधमनीची झडप आकसलेल्या वृद्धांमध्येही असेच घडते, हे एडवर्ड हाइड या डॉक्टरने 1958 मध्येच नोंदवले होते. अरुंद जागेतून जोराने जाणारे रक्त दोन्हीकडे सारखेच.

एकाच माणसाचे रक्त आतड्यात थांबत नाही आणि पंपात वाहायला तयार नाही, अशी ही अवस्था. रक्त पातळ करणारे औषध म्हणजे या दोन संकटांच्या मधली पायवाट.

महाराष्ट्रात ही पायवाट ठाऊक असलेली घरे कमी नाहीत. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झाली, धातूची झडप बसवली, आणि तेव्हापासून रोज ठरल्या वेळी असिट्रॉमची गोळी आणि ठरावीक दिवसांनी आयएनआरची तपासणी, हे कितीतरी जणांचे आयुष्यभराचे वेळापत्रक असते. असिट्रॉम वॉर्फरिनच्याच कुळातली. आयएनआर हा रक्त गोठायला किती जास्त वेळ लागतो याचा आकडा. निरोगी माणसात तो 1 च्या आसपास असतो. मेथी, पालक, कोथिंबीर यांतले के जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करते. म्हणून पालेभाजी बंद करा असे नाही, पण आठवडाभर रोज आणि मग महिनाभर नाही असे करू नका, असे डॉक्टर सांगतात. पंपाच्या रुग्णालाही हेच सांगितले जाते. फरक एवढाच की त्याच्याकडे चुकायला जागा फार कमी असते.

रक्तस्राव कमी करायचा म्हणून डॉक्टरांनी लगाम ढिले केले. चाचण्यांत आयएनआर 2 ते 3 ठेवत, तो पुढे 1.5 ते 2.5 पर्यंत खाली आणला गेला. शस्त्रक्रियेनंतर वॉर्फरिनचा परिणाम सुरू होईपर्यंत हेपरिन देण्याचा टप्पा अनेक ठिकाणी गाळला जाऊ लागला. पंपाचा वेगही काहींनी कमी ठेवला. हृदयाची स्वतःची झडप अधूनमधून उघडावी, थोडी नाडी राहावी, आतड्यांना त्रास कमी व्हावा, असा त्यामागचा विचार. तेव्हाच्या माहितीनुसार यातला एकही निर्णय अविचारी नव्हता. चाचण्यांत या पंपात गुठळी क्वचितच दिसली होती.

मग 2011 च्या सुमारास काहीतरी बदलले. पंप काढून बदलण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्याचे काही मोठ्या रुग्णालयांतल्या शल्यविशारदांना जाणवू लागले. क्लीव्हलँड क्लिनिकचे रँडल स्टार्लिंग आणि त्यांचे सहकारी, सेंट लुईसचे वॉशिंग्टन विद्यापीठ आणि ड्यूक विद्यापीठ यांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या: 837 रुग्ण, 895 पंप. हा लेख न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या जानेवारी 2014 च्या अंकात आला आणि या क्षेत्रात खळबळ उडाली. मार्च 2011 पूर्वी बसवलेल्या पंपांत पहिल्या तीन महिन्यांत गुठळी झाल्याची खात्री पटलेली प्रकरणे 2.2 टक्के होती. जानेवारी 2013 पर्यंत ती 8.4 टक्क्यांवर गेली. त्याहून विलक्षण आकडा काळाचा होता. पूर्वी ज्यांना गुठळी झाली त्यांना ती साधारण साडेअठरा महिन्यांनी झाली होती. आता पावणेतीन महिन्यांतच होत होती.

पंपातून काढलेल्या गुठळ्या पाहिल्यावर त्या कुठे धरतात हे दिसे. रक्त आत येते त्या बाजूचे बेअरिंग ही त्यांची आवडती जागा. तिथे घर्षणाची उष्णता असते आणि रक्ताच्या धुण्याला अडचण. शिलाई मशीनच्या चाकाच्या आसाला दोऱ्याचे तुकडे गुंडाळत जाऊन कडे बनते, तसे गुठळी विणणाऱ्या फायब्रिन प्रथिनाचे थरावर थर बसून बेअरिंगभोवती एक वलय तयार होई. वलय वाढले की रक्ताची वाट आकसे आणि पेशी फुटू लागत.

हे बाहेरून ओळखायचे कसे? पंप शरीराच्या आत, चक्र धातूच्या डबीत. क्ष-किरणाने आतली गुठळी दिसत नाही. लघवीचा रंग उशिरा बदलतो. त्याच्या पुष्कळ आधी रक्तातले एलडीएच वाढते. हे पेशींच्या आत असणारे विकर, पेशी फुटली की बाहेर पडते. अगदी साधी, स्वस्त, कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये होणारी तपासणी. त्या तीन रुग्णालयांच्या नोंदींत निदानाच्या आधीच्या काही आठवड्यांत हा आकडा सरासरी 540 वरून 1490 वर गेलेला आढळला. आज पंपाच्या दवाखान्यात एलडीएच नियमित पाहिले जाते ते या अनुभवानंतर. इतक्या महागड्या यंत्राची तब्येत इतक्या साध्या तपासणीतून कळावी, याची मला गंमत वाटते.

कंट्रोलरचा पडदाही सांगतो, पण त्याची भाषा फसवी असते. पडद्यावर चक्राचा वेग, खर्च होणारी वीज आणि रक्ताचा प्रवाह दिसतो. यातले पहिले दोन मोजलेले असतात. हार्टमेट 2 मध्ये प्रवाह मात्र मोजलेला नसतो, वेग आणि विजेवरून हिशेबाने काढलेला असतो. जास्त वीज खर्च झाली म्हणजे जास्त रक्त ढकलले गेले, असे कंट्रोलर धरून चालतो. चक्राला गुठळी चिकटली की तेवढ्याच वेगाने फिरायला त्याला जास्त वीज लागते. पडद्यावरचा प्रवाह वाढतो. प्रत्यक्षात शरीराला रक्त कमी मिळत असते. म्हणजे रुग्णाला धाप लागतेय, आणि पडदा सांगतोय की पंप आज नेहमीपेक्षा जोरात आहे! अशा वेळी डॉक्टर सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवून पंपाचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात. निरोगी पंप वेगाबरोबर जास्त रक्त ओढतो आणि डावी जवनिका लहान होत जाते. वेग वाढूनही ती फुगलेलीच राहिली तर पंप अडला आहे.

निदान झाल्यावरची निवड अवघड असते. हेपरिन जोरात द्यायचे, गुठळी विरघळवणारी औषधे वापरायची, तर आधीच नाजूक झालेल्या रक्तात मेंदूत रक्तस्राव होण्याची जोखीम. पंप बदलायचा तर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करायची. प्रत्यारोपण उत्तम, पण हृदय त्या आठवड्यात मिळायला हवे. त्या तीन रुग्णालयांच्या आकड्यांनी या कोंडीवर थोडा प्रकाश पाडला. ज्यांचा पंप बदलला किंवा प्रत्यारोपण झाले, त्यांच्यातले मृत्यू गुठळी न झालेल्यांच्या बरोबरीचे होते. ज्यांना यातले काहीच मिळाले नाही, त्या 40 प्रकरणांत सहा महिन्यांतला मृत्यूचा अंदाज 48.2 टक्के होता. अर्थात पंप बदलण्याची ताकद ज्यांच्यात होती त्यांचाच बदलला गेला असणार, त्यामुळे हा सगळा फरक शस्त्रक्रियेचा मानता येत नाही. तरीही नुसत्या औषधांवर विसंबू नये, याकडे अनेक केंद्रांचा कल झाला.

2011 मध्ये नेमके काय बदलले, याचे एकच उत्तर कधीच मिळाले नाही. पातळ केलेले रक्त कमी पातळ ठेवणे, गाळलेले हेपरिन, कमी वेग, पंपाचे तोंड जवनिकेत थोडे तिरके बसणे, जंतुसंसर्ग, यंत्राच्या काही भागांतले बारीक बदल, यांतल्या प्रत्येकावर बोट ठेवले गेले. बहुधा अनेक गोष्टी जमून आल्या असाव्यात. यानंतर 24 केंद्रांत 300 रुग्णांवर प्रिव्हेंट नावाचा अभ्यास झाला. शस्त्रक्रियेत पंप नीट बसवणे, हेपरिनचा टप्पा परत आणणे, आयएनआर 2 ते 2.5, वेग 9,000 च्या वर, रक्तदाब आटोक्यात, असे नियम ठरवले. तीन महिन्यांतली गुठळी 2.9 टक्क्यांवर आली. शस्त्रक्रियेचे, हेपरिनचे आणि वेगाचे नियम पूर्ण पाळलेल्या रुग्णांत सहा महिन्यांचे प्रमाण 1.9 टक्के होते, न पाळलेल्यांत 8.9. रक्तस्रावाची भीती खरीच होती, पण तिच्यापोटी सोडलेल्या लगामांनी गुठळीला वाट दिली होती, असे यावरून मानायला जागा आहे.

दरम्यान दुसरा एक पंप बाजारात होता, हार्टवेअर कंपनीचा एचव्हीएडी, पुढे मेडट्रॉनिककडे आलेला. आकाराने लहान, बेअरिंगचा स्पर्श नाही, चक्र चुंबकाच्या आणि रक्ताच्या पातळ थराच्या आधारावर तरंगणारे. कागदावर हा गुठळीवरचा उपाय वाटायचा. पण त्या थराची जाडी फार कमी होती आणि अरुंद फटीत रक्तावर ताण पडायचाच. 2017 च्या एन्ड्युरन्स चाचणीत या पंपाच्या 29.7 टक्के रुग्णांना पक्षाघात झाला, हार्टमेट 2 च्या 12.1 टक्के रुग्णांना. रक्तदाब काटेकोर ठेवल्यावर आकडे सुधारले, तरी पुरेसे नाहीत.

खरा बदल औषधांनी आणला नाही, अंतराने आणला. 2017 मध्ये परवानगी मिळालेल्या हार्टमेट 3 मध्ये चक्र पूर्णपणे चुंबकांवर तरंगते, त्याला कशाचाच आधार लागत नाही. त्याच्या भोवतीची फट अर्ध्या ते एक मिलीमीटरची. तांबडी पेशी मिलीमीटरच्या हजाराव्या भागांत मोजली तर सात-आठ भागांची. तिला या फटीत भरपूर ऐसपैस जागा. ताण कमी, उष्णता कमी, पेशी कमी फुटतात, व्हॉन विलेब्रांडच्या लांब साखळ्याही बऱ्याच वाचतात. दर दोन सेकंदांनी चक्राचा वेग क्षणभर घटवून वाढवला जातो, म्हणजे कोपऱ्यांत घुटमळणारे रक्त धुऊन निघते. आणि आतल्या स्थिर पृष्ठभागांवर टायटॅनियमचे तेच चिकटवलेले मणी. जुन्या, झिजून जाणाऱ्या एक्सव्हीईची खरखरीत कल्पना इथे टिकून राहिली.

मोमेंटम 3 या चाचणीत 1,028 रुग्णांवर दोन पिढ्यांची तुलना झाली. अंतिम निकाल 2019 चा. दोन वर्षांत पंपात गुठळीची शंका किंवा खात्री हार्टमेट 2 मध्ये 13.9 टक्के, हार्टमेट 3 मध्ये 1.4 टक्के. पक्षाघातही जवळपास अर्ध्यावर आला: 19.4 वरून 9.9 टक्के. पाच वर्षांनंतर नव्या पंपाचे 58.4 टक्के रुग्ण जिवंत होते, जुन्याचे 43.7 टक्के. एवढा फरक एका बदलाने पडणे वैद्यकात नेहमीचे नाही.

गुठळी मागे हटल्यावर पुढचा प्रश्न विचारता आला: मग ॲस्पिरिन हवीच कशाला? ती सगळ्यांना दिली जाई ती मुख्यतः सवयीने. तिचा फायदा या रुग्णांत कधी काटेकोर तपासला गेला नव्हता. एरीज चाचणीत नऊ देशांतल्या 51 केंद्रांमधले 628 रुग्ण घेतले. सगळ्यांना वॉर्फरिनच्या कुळातले औषध, निम्म्यांना सोबत ॲस्पिरिन, निम्म्यांना नकली गोळी. 2023 मध्ये निकाल आला. ॲस्पिरिन न घेणाऱ्यांत गुठळ्या वाढल्या नाहीत आणि मोठा रक्तस्राव 34 टक्क्यांनी कमी झाला. वर्षानुवर्षे प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली एक गोळी या पंपापुरती तरी अनावश्यक ठरली. अशी चाचणी करायला धाडस लागते, कारण ती उलटली असती तर दोष गोळी न देणाऱ्यांवर आला असता.

म्हणून प्रश्न संपला असे नाही. हार्टमेट 3 ची महाधमनीकडे जाणारी नळी पंपाजवळ एका आवरणात असते, ती मुरगळू नये म्हणून. 2024 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने एक गंभीर इशारा दिला: काही रुग्णांत दोन-तीन वर्षांनंतर या नळीच्या आणि आवरणाच्या मध्ये शरीरातला द्रव आणि प्रथिने साचून घट्ट गोळा होतो आणि तो नळीला बाहेरून दाबतो. आतल्या गुठळीची लक्षणे इथे उलटी होतात. वीज कमी लागते, प्रवाहाचा आकडा खाली येतो आणि कमी प्रवाहाचा अलार्म वाजतो. एलडीएचवर नजर ठेवून हे पकडता येईलच असे नाही, सीटी स्कॅन लागतो. उपाय नळीत स्टेंट घालण्याचा किंवा शस्त्रक्रियेने तो गोळा काढण्याचा.

आकडे पुरेसे न सुधारलेल्या त्या एचव्हीएडीची विक्री तर मेडट्रॉनिकने 3 जून 2021 रोजी थांबवली. पक्षाघाताचे प्रमाण हे एक कारण. दुसरे असे की एकदा थांबलेला हा पंप पुन्हा सुरू व्हायला वेळ लागे, कधी सुरूच होत नसे. त्या दिवशी जगभरात सुमारे 4,000 माणसांच्या छातीत तो फिरत होता. तो काढून नवा बसवावा काय? कंपनी आणि औषध प्रशासन दोघांनीही सरसकट तसे करू नका असे सांगितले. चालू पंप काढण्याच्या शस्त्रक्रियेची जोखीम तो ठेवण्याच्या जोखमीहून मोठी. या रुग्णांसाठी रोजच्या सूचना मात्र कडक झाल्या: रक्तदाब रोज मोजा, आयएनआर चुकवू नका, आणि बॅटरी बदलताना दोन्ही जोडण्या एकाच वेळी कधीही काढू नका.